कोणती वाटी

डॉक्टर मॅडमनी कागदावर लिहिलं होतं, दुपारी एक वाटी भात. मी भांड्यांच्या दुकानाची मालकीण. वाटी म्हटल्यावर 'कोणती' हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघायला हवा होता. गिऱ्हाईक नुसतं "वाटी दाखवा" म्हणालं तरी मी आधी तेच विचारते. चटणीची, वरणाची, खिरीची, की पाहुण्यांपुढे मांडायची? माझ्या फळ्यांवर वाटीचे अकरा प्रकार आहेत. सगळ्यात लहान वाटीत दोन चमचे तेल मावतं आणि सगळ्यात मोठीत दोन माणसांचं वरण. त्या दिवशी मी विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही. समोरच्यानं माप नीट सांगितलं नसेल तर ते आपल्या सोयीनं धरायचं, ही माझी जुनी सवय. त्याच सवयीवर मी हे दुकान उभं केलं आहे.

लग्न होऊन चिखलीला आले तेव्हा माझ्याकडे वेताची एक पाटी होती आणि उधार आणलेली थोडी भांडी. पाटी डोक्यावर घेऊन मी आजूबाजूच्या गावांत फिरायचे आणि जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी द्यायचे. बाई पातेल्याएवढा गंज हातात घेऊन म्हणायची, या गंजावर दोन साड्या घे. मी साडी उलगडून उन्हाकडे धरायचे. बसून बसून मागच्या बाजूला विरलेली जागा प्रत्येक साडीत असतेच. ती बोटानं दाखवली की बाई गप्प व्हायची आणि तिसरी साडी आणायला आत जायची. एखादी भांडायला उठली तर मी तिच्याहून जोरात भांडायचे. पुढे मी आठवडी बाजारात बसू लागले, आणि त्यानंतर हे दुकान झालं. कुणाच्या बोलण्यावर सहज विश्वास ठेवायचा नाही, हे मी त्या पाटीखाली शिकले. म्हणूनच पुढचं सांगताना मला अजून माझीच लाज वाटते. एका गोष्टीवर मी सात वर्षं विश्वास ठेवला आणि ती उन्हाकडे धरून एकदाही पाहिली नाही.

पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी आठवा महिना सरेपर्यंत बाजार करत होते. भांड्यांची पोती जीपच्या टपावर आणि मी आत, दाटीवाटीनं. नवव्या महिन्यात एका सकाळी पोट गप्प झालं. मी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग दवाखान्यात गेले. तो दवाखाना वेगळा होता, आता बंदही झाला. मुलगी होती. साडेचार किलोची. पाहायला आलेल्या बायका म्हणत होत्या, केवढं गुटगुटीत लेकरू होतं. मी शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई खाटेशी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जीपमधी धक्के खाल्ले लेकरानं."

ते वाक्य माझ्याआधी घरी पोचलं. गल्लीत मला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पण नव्या बाळंतिणीच्या खोलीत मला बोलावणं बंद झालं. कुणाच्या बाळाला घ्यायला हात पुढे केला की त्याची आई म्हणायची, आत्ताच झोपलं हो. मी दुकानात चार माणसांना एका दमात झापणारी बाई, पण या बाबतीत मी मान खाली घातली. लेकरू माझ्या बाजारानं गेलं, असं मलाही वाटत होतं.

सात वर्षांनी पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. या खेपेला मी दुकानाच्या गादीवरून हलले नाही. भीतीपोटी पाचवा महिना लागेपर्यंत दवाखान्याची पायरीसुद्धा चढले नाही. नव्या दवाखान्यातल्या मॅडमनी पहिल्या बाळाबद्दल विचारलं. मी सांगितलं, जीपच्या धक्क्यांनी गेलं. त्या जुनी फाईल आणा म्हणाल्या. घरी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या की रंगकामात कुठे गेली कोण जाणे.

मग ती ग्लुकोजच्या पाण्याची तपासणी झाली. पेलाभर गोड पाणी पाजलं, दोन तास बाकावर बसवलं आणि रक्त घेतलं. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, तुम्हाला शुगर आहे.

मी म्हटलं, कागद बदलला असेल. माझ्या माहेरी कुणाला शुगर नाही, मी स्वतः चहात अर्धा चमचा घेते. मॅडमनी कागदावरचं माझं नाव दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की गरोदरपणात काही बायकांना ही होते आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची जाते. पण तोवर ताब्यात ठेवावीच लागते, कारण आईच्या रक्तातली साखर बाळाकडे जाते. बाळ फार वाढतं आणि शेवटच्या दिवसांत त्याच्या जिवाला धोका असतो. खाण्यानं ताब्यात आली नाही तर इन्सुलिन घ्यावं लागेल.

सुई म्हटल्यावर मी घासाघीस सुरू केली. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या. त्या म्हणाल्या, आठ. मी म्हटलं, बारा. शेवटी दहावर ठरलं. दवाखान्यातून बाहेर पडताना मला सौदा जिंकल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन मी दुकानातली सगळ्यात मोठी वाटी काढली. एक वाटी भात म्हणजे एक वाटी. तीत भात दाबून भरला आणि वर शीग चढवली. आपल्याकडे माप शिगेनंच भरतात. भाकरी दोन लिहिल्या होत्या, त्या आमच्या तव्याएवढ्या केल्या. कागदावरच्या अक्षराबाहेर मी एक घास खाल्ला नाही. डिंकाचे लाडू आले ते परत पाठवले आणि चहातला अर्धा चमचाही सोडला. रोज बोटाला टोचून मशीनवर आकडा पाहायचा आणि वहीत लिहायचा. जेवणानंतरचा आकडा दोनशेच्या खाली येईना. मी मशीन विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याला फैलावर घेतलं. बिघडलेलं मशीन गळ्यात मारलं म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडले. त्यानं बिचाऱ्यानं दुसरं दिलं. दुसरंही तेच सांगत होतं.

दहाव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनी वही पाहिली आणि काय खाता ते विचारलं. मी सांगितलं, कागदावर आहे तेवढंच.  त्या म्हणाल्या, वाटी दाखवा. दुकान जवळच होतं. मी ताठ मानेनं गेले आणि वाटी घेऊन आले.

सिस्टरच्या टेबलावर बायकांना दाखवायला ठेवलेली त्यांची एक वाटी होती. त्यांनी ती पाण्यानं भरली आणि माझ्या वाटीत ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. तिसरी ओतली तेव्हा कुठे पाणी काठाला लागलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "ही वाटी नाही, हा गंज हाये."

बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले. माझ्याच धंद्यात कुणी मला असं उघडं पाडलं नव्हतं. पण हसू तोंडावर असतानाच मला सोनोग्राफीला आत घेतलं आणि तिथे कुणी हसत नव्हतं. मॅडमनी बाळाचं पोट मोजलं, पुन्हा मोजलं. महिन्याच्या मानानं ते मोठं होतं. भोवतीचं पाणीही वाढलं होतं.

"बाळ तुमच्याच वाटीतून जेवतंय," मॅडम म्हणाल्या. "आजपासून इन्सुलिन. यात आता घासाघीस नाही." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, पहिलं बाळ किती किलोचं होतं?

"साडेचार."

त्यांचं पेन थांबलं. "जीपच्या धक्क्यानं गेलं असं तुम्हाला कोणत्या डॉक्टरनं सांगितलं?"

डॉक्टरनं नाही, सासूबाईंनी, असं मी म्हटलं आणि म्हणताना माझं मलाच ते ऐकू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा. मॅडम म्हणाल्या, जीपमध्ये बसल्यानं असं बाळ जात नाही. एवढं मोठं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं तर मी आधी शुगरचा विचार करते. ती फाईल मला पाहिजे.

घरी आले तेव्हा दुपार होती. सासूबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत होत्या. मी उभ्या उभ्या विचारलं. त्या पुन्हा रंगकामाचं सांगू लागल्या. मी म्हटलं, मॅडम म्हणतात, पहिल्या खेपेलाही शुगरच असेल.

सूप थांबलं. त्या उठून आत गेल्या. गाद्यांच्या चळतीखालून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. आत एकच कागद होता. बाकी इंग्रजी मला नीट वाचता येत नाही. पण शुगर हा शब्द मी दहा दिवस मशीनच्या डब्यावर रोज वाचत होते. त्याच्यापुढे तीन आकडी संख्या होती आणि तिच्याभोवती कुणीतरी पेनानं दोनदा गोल केला होता.

"तुमाले माहीत होतं," मी म्हटलं.

"डॉक्टरनं सांगतलं होतं. तुले शुद्ध नव्हती तवा."

"यायले?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

"त्याले बी."

"मंग जीप काऊन म्हनत होत्या?"

त्या खाली बसल्या. सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. "शुगरवाली सून म्हनले असते लोक," त्या म्हणाल्या. "अन तुले सांगतलं असतं त तू दुसऱ्या खेपेले तयार झाली नसती."

माझा आवाज आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्या दुपारी तो निघालाच नाही. मी ओसरीच्या पायरीवर बसले. कागद मांडीवर होता. बंद झालेली दारं मला एकेक करून आठवत होती. आत्ताच झोपलं हो, म्हणणारी ती प्रत्येक आई. आणि माझ्याच घरात दोन माणसं हा कागद अंगाखाली घेऊन झोपत होती. त्यांनी मला सांगितलं असतं तर या खेपेला मी पाचव्या महिन्यापर्यंत दवाखाना टाळला नसता. वाटी निवडताना माझा हात सगळ्यात वरच्या फळीवर गेला नसता. हे माझं मला तेव्हा वाटलं. खरं काय झालं असतं, ते आता कळायचं नाही.

नवरा संध्याकाळी दुकान बंद करून आला. मी कागद त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ चपला काढत राहिला. मग म्हणाला, "मले वाटलं, आई सांगीन." आणि हातपाय धुवायला मागे गेला.

दुसऱ्या दिवसापासून सुई सुरू झाली. फ्रिजमध्ये दह्याच्या गंजाशेजारी इन्सुलिनचा डबा बसला. मी दुकानातून सिस्टरच्या वाटीएवढी वाटी शोधली. डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही, दवाखान्यात नेऊन पाण्यानं ताडून पाहिली. भात सासूबाई वाढायच्या. शीग चढली तर बोटानं सपाट करायच्या आणि वाटी माझ्यापुढे सरकवायच्या. मी ती घ्यायचे आणि जेवायचे, पण त्यांच्याशी बोलत नव्हते. आकडे हळूहळू खाली येऊ लागले. रोज दुपारी डाव्या कुशीवर पडून मी बाळाच्या लाथा मोजायचे. एखाद्या दिवशी दहा व्हायला वेळ लागला की मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. आणि पहिल्या खेपेची ती सकाळ पुन्हा समोर यायची.

आठव्या महिन्यात सासूबाईंनी नवऱ्याच्या तोंडून डोहाळजेवणाचं विचारलं. मी त्यांच्या देखतच नवऱ्याला म्हटलं, एका अटीवर. जितक्या बायकांना जीप सांगितली, तितक्यांना बोलवा. त्या सगळ्यांसमोर खरं काय ते सांगा. सासूबाई आतून म्हणाल्या, "बरं."

बायका आल्या. मी हिरवी साडी नेसून पाटावर बसले होते, ओटीत नारळ होता. समोरच्या घरातल्या काकू पुरणपोळीचा घास घेऊन पुढे आल्या, दोन जिवांची आहेस, एका घासानं काय होतं म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांचा हात मधेच धरला.

"तिले शुगर हाये," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेले बी तेच होतं. जीपचं काई नव्हतं."

काकूंनी घास ताटात परत ठेवला. मग त्यांनीच विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं?

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहून म्हणाल्या, "आताच. मॅडमनं सांगतलं."

मी पाटावर तशीच बसून राहिले. खोटं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, खरंच आत्ताच कळलं असेल. तो कागद आतल्या खोलीत माझ्या उशीखाली होता. उठून आणायला दहा पावलं लागली असती. ओटीतला नारळ मी दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात बाळानं आतून जोरात लाथ मारली. मी मनात तिला एक म्हणून मोजली आणि उठले नाही. अर्धी अट पुरी झाली होती. अंगातलं बळ मला तेव्हा उरलेल्या अर्धीसाठी भांडण्यात घालवायचं नव्हतं, बाळंतपणासाठी हवं होतं. पण ते अर्धं मी विसरलेले नाही.

मॅडमनी नववा महिना पुरा होऊ दिला नाही. दिवस ठरवून सिझेरियन केलं. मुलगी झाली. रडली. तिचं रडणं ऐकेपर्यंत मी छताकडे पाहत होते आणि नंतरही तिकडेच पाहत होते. मला मान वळवायची भीती वाटत होती. साडेतीन किलो, असं कुणीतरी म्हणालं. साडेतीन. मी तो आकडा तोंडात घोळवत राहिले.

मला वाटलं, आता झालं. तासाभरानं सिस्टर आल्या आणि त्यांनी बाळाच्या टाचेला टोचलं. तेच मशीन, तीच पट्टी. मी म्हटलं, तिला कशाला, शुगर तर मला होती. सिस्टर म्हणाल्या, आत असताना तिला तुमच्याकडून भरपूर साखर मिळत होती, आता नाळ तुटली, म्हणून तिची एकदम उतरू शकते. मशीनवर आकडा आला. चाळीसच्या खाली. मी चार महिने आकडा वर गेला म्हणून घाबरत होते, खाली जायचं भय असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. बाळाचे हात बारीक थरथरत होते. ते मी थंडी समजले होते.

बाळ नीट ओढत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, अंगावरचं चिकाचं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजू, तेवढ्यानं नाही चढलं तर सलाईन लावावं लागेल. घरून एक स्वच्छ वाटी मागवा. सासूबाई दाराशी उभ्या होत्या.

"कोनती वाटी?" त्यांनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, कोणतीही आणा, लहानशी. पण सासूबाई हलल्या नाहीत. त्या सिस्टरकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

साडेतीन महिन्यांत मी त्यांच्याशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. "दुकानात," मी म्हटलं, "सगळ्यात खालच्या फळीवर. चटनीची. काठ वळलेली नको, तिच्यात साबन राह्यते. उकळून आना."

त्या गेल्या. त्यांच्या वयाला न शोभेल इतक्या भरभर गेल्या. तोवर सिस्टरनी माझं दूध दाबून दवाखान्याच्या एका झाकणात धरायला सुरुवात केली. पिवळं, घट्ट, मोजके थेंब. सासूबाई फडक्यात गुंडाळलेली वाटी घेऊन आल्या तेव्हा ती अजून गरम होती. त्या वाटीचा तळसुद्धा झाकला गेला नाही, एवढं ते दूध. सिस्टरनी चमच्याच्या टोकावर घेऊन बाळाच्या ओठांना लावलं. थोडं बाहेर आलं, थोडं गेलं. पुन्हा लावलं. सासूबाई वाटी धरून वाकून उभ्या होत्या. मी त्यांना बसा म्हणाले नाही.

अर्ध्या तासानं सिस्टरनी पुन्हा टाचेला टोचलं. आकडा त्रेपन्न.

मी म्हटलं, पुन्हा पाहा.

सिस्टर म्हणाल्या, ताई, मशीन बरोबर आहे, साखर चढली, सलाईन नको. मी म्हटलं, मशीन बरोबर असतं हे मला माहीत आहे, तरी पुन्हा पाहा. त्यांनी मान हलवली आणि नवी पट्टी काढली. बाळानं टाच ओढून घेतली आणि चांगलं कडक रडायला लागलं. या खेपेला मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सासूबाई वाटी विसळायला नळाकडे गेल्या होत्या, आणि मशीनवर पुन्हा तोच आकडा आला.